एकाच राशीतून

गेल्या दिवाळीला थोरली लेक लंडनहून आली, तेव्हा तिनं पिशवीतून कॉफीचं एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "आण्णा, हे खास तुमच्यासाठी. तुमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून मगच आणलंय. ही एक कप घेतलीत तरी चालेल."

दोन वर्षांपूर्वी माझ्या काळजाचे ठोके मधूनच चुकायला लागले. तालुक्याच्या डॉक्टरांनी पट्टी काढून बघितली, गोळ्या लिहून दिल्या आणि चहा-कॉफी बंद म्हणून सांगितलं. तेहतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला चहा बंद म्हणजे काय, हे ज्याचं त्याला कळतं. तसं घरात माझं काही कमी करत नाहीत. सून सकाळी गवती चहाचं पाणी उकळून देते. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, की माझा कप वेगळा झालाय. कान तुटलेला, आतून पिवळा पडलेला एक कप कुणी न ठरवता माझ्या पथ्याचा झाला होता. त्यात कुणाचा दोष नाही. माझी आई मधुमेहानं आजारी होती, तेव्हा तिच्या पुढ्यात बिनमिठाची, बिनतेलाची भाजी ठेवताना मीच म्हणालो होतो, "आजाऱ्याला कसली आलीय चव?" ती काही बोलली नाही. खाल्लं तिनं.

म्हणून लेकीनं पाकीट दिलं ते मी चष्मा लावून सगळं वाचलं. कोलंबिया देश, उईला प्रांत. छोट्या शेतकऱ्यांचा माल. आणि खाली लिहिलं होतं, उसाच्या प्रक्रियेनं कॅफिन काढलेली. उसाचं नाव वाचून मी हसलोच. आमचं गाव नीरेच्या डाव्या कालव्याच्या टेलला. पाणी आलं तर ऊस, नाही आलं तर ज्वारी. जन्म उसात गेला, पण उसाचा आणि कॉफीचा संबंध साखरेपलीकडं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

लेकीनं ती चार दिवसांत मला सगळं समजावून सांगितलं, आणि पुढं मीही वाचत गेलो.

कॉफीच्या बीत कॅफिन असतं. आपल्या चहात असतं तेच. झाड ते माणसासाठी करत नाही, किडीनं खाऊ नये म्हणून स्वतःच्या राखणीसाठी करतं. १८१९ साली रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते पहिल्यांदा वेगळं काढलं. त्याला कॉफीचे दाणे दिले होते ते महाकवी गटेनं. पुढं १९०५ च्या सुमाराला ब्रेमेन शहरातल्या लुडविग रोझेलियस या व्यापाऱ्यानं कॅफिन काढलेली कॉफी बाजारात आणण्याची रीत शोधली. दाणे वाफवून फुगवायचे आणि बेंझिनमध्ये भिजवून कॅफिन ओढून घ्यायचं. आपल्या वडिलांना कॉफीच्या अतिरेकानंच मरण आलं असं त्याला वाटायचं, असं सांगतात. पण गंमत बघा, बेंझिन हे कॅफिनपेक्षा कितीतरी वाईट, हे नंतर कळलं आणि ती रीत मागं पडली. पुढं दुसऱ्या रीती निघाल्या. कुणी नुसत्या पाण्यानं काढतं, कुणी दाबाखालच्या कर्बवायूनं.

कोलंबियात मात्र उसाची रीत आहे. उसापासून अल्कोहोल करायचं, त्यापासून इथाइल ॲसिटेट. पिकलेल्या फळांत हे थोडंसं आपसूकच असतं, म्हणून त्याला गोडसर फळासारखा वास येतो. आमच्या नीरेच्या काठीही ते तयार होतं. आमच्याकडच्या कारखान्यांची मळी डिस्टिलरीत जाते, तिथलं अल्कोहोल रसायनाच्या कारखान्यात जातं, आणि पुढं रंगात, शाईत, कशाकशात ते वापरतात. कोलंबियात मानिझालेस शहरातल्या कारखान्यात कॉफीचे हिरवे दाणे वाफवून पाणी आणि या द्रवात भिजवतात. द्रव कॅफिन ओढून घेतो. तो काढून पुन्हा ताजा घालायचा, असं करत करत जवळजवळ सगळं कॅफिन निघतं. मग वाफ देऊन उरलासुरला द्रव उडवून लावतात आणि दाणे वाळवतात. काढलेलं कॅफिनही वाया जात नाही. शीतपेयांच्या आणि औषधांच्या कारखान्यांना ते लागतंच.

हे सगळं ऐकून माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा. ज्या गुणासाठी जग कॉफी पितं तोच काढून टाकला, मग राहिलं काय? लेक म्हणाली, "आण्णा, चव राहते. वास राहतो. चार माणसांत बसून कप हातात धरायचं राहतं." आणि मग सहज बोलून गेली, "पण आता आता कुठं चवीची मिळायला लागलीय. आधी डिकॅफ म्हणजे सगळ्यात टाकाऊ दाणा असायचा."

"का गं?"

"कोण बघतंय? आजारी माणसं, पोटुशी बायका, म्हातारी माणसं पिणार. त्यांना दुसरं चालत नाही. शिवाय कॅफिन काढायचा खर्च वेगळा. किंमत जुळावी म्हणून दाणा हलका घ्यायचा. आणि भाजताना काळा कुळकुळीत भाजायचा, म्हणजे काहीच कळत नाही."

ती चुलीकडं निघून गेली. मी पाकीट हातात धरून ओट्यावर बसून राहिलो. मला साठ वर्षांपूर्वीचं आमचं खळं दिसायला लागलं होतं.

तेव्हा मी तेरा वर्षांचा असेन. साल १९६८ असावं. त्या वर्षी ज्वारी चांगली पिकली होती. खळ्यावर पात धरून मळणी झाली, वावडीवर उभं राहून उफणणी झाली आणि मध्ये रास पडली. तेव्हा आमच्याकडं बलुतं चालू होतं. सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, चांभार, महार, मांग, ज्यानं वर्षभर आपलं काम केलं त्याला खळ्यावर धान्याचं माप घालायचं. कागद नाही, पावती नाही. कुणाला किती हे ठरलेलं. पण कसलं, हे ठरलेलं नसायचं. ते देणाऱ्याच्या हातात.

राशीला वरचं अंग असतं आणि तळ असतो. वरचा दाणा मोत्यासारखा. तळाला माती, खडे, फोल, मुंग्यांनी ओढलेलं, सगळं मिळून मातेरं. शेवटी ते झाडून गोळा करायचं आणि वेगळं ठेवायचं. कोंबड्यांना घालतात, बैलांना भरडून घालतात.

आमची सुतारीण आजी त्या दिवशी उन्हं कलल्यावर आली. तिचा मालक मागल्याच वर्षी गेला होता. मुलगा काम करायचा, पण तो नेमका परगावी गाडीचं चाक बसवायला गेला होता. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. काठी टेकत, बांध चाचपत आली आणि खळ्याच्या कडेला धडपं पसरून बसली. वडील बाजारला गेले होते. थोरले चुलते होते. त्यांनी मला डोळ्यांनी तळाकडं खुणावलं. तोंडानं मात्र मोठ्यानं म्हणाले, "पोरा, आजीला माप घाल. हात आखडता घेऊ नकोस."

मी घातलं. चार पायल्या ठरल्या होत्या, तर मी साडेचार घातल्या. तळाच्या, मातेऱ्यासकट. जास्त घातल्या म्हणून मला मनातून बरंही वाटलं होतं, ते आठवलं की आज जास्त लाज वाटते. आजीनं धडप्यावरून एकदा हात फिरवला. तिची बोटं क्षणभर थांबली. मग तिनं गाठ मारली, म्हणाली, "भरून पावलं, बाबा," आणि कुणाच्या तरी हातून ओझं डोईवर घेऊन निघाली.

पुढच्या सुगीला ती पुन्हा आली. बरोबर सहा-सात वर्षांचा नातू होता. चुलते म्हणाले, "का गं सुतारणी, पोराला कशाला आणलंस उन्हाचं?"

ती म्हणाली, "मला दिसत न्हाई ना मालक, म्हून ह्याला आणलाय."

एवढंच. आवाजात राग नव्हता. पोरगं राशीकडं टकामका बघत उभं राहिलं. त्या दिवशी माप वरच्या अंगाचं पडलं. चुलत्यांनी ते स्वतः घातलं. मी विहिरीकडं निघून गेलो.

आता कॉफीचं पाकीट हातात घेऊन मी विचार करत होतो, तो असा की ही दोन्ही कामं एकच. ज्याला दिसत नाही, ज्याला दुसरीकडं जायची सोय नाही, त्याच्या धडप्यात आपण तळाचं घालतो. काळं भाजणं म्हणजे तरी काय? चुलते मोठ्यानं म्हणाले होते, हात आखडता घेऊ नकोस. ते आमचं काळं भाजणं.

पण गोष्ट इतकी सरळ नाही. त्या छोट्या शेतकऱ्यांविषयी वाचत गेलो तसा मी अडखळलो.

कोलंबियात ५ लाखांहून जास्त कुटुंबं कॉफी पिकवतात. बहुतेकांची जमीन ५ हेक्टरच्या आत. अँडीज पर्वताच्या उतारावर, जिथं बैलसुद्धा नीट उभा राहायचा नाही, तिथं झाडं लावलेली. एका फांदीवरची फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून हातानं लाल तेवढंच फळ तोडायचं, हिरवं ठेवायचं, पुन्हा काही दिवसांनी यायचं. मग साल काढायची, बी आंबवायची, धुवायची, उन्हात वाळवायची. पाच-सहा किलो फळ तोडावं तेव्हा किलोभर दाणा हाती येतो. एवढं करून चांगला दाणा परदेशी जातो. किडका, फुटका, न भरलेला निवडून मागं राहतो. त्याला ते 'पासीया' म्हणतात. आणि वर्षानुवर्षं त्यांच्या घरात, त्यांच्या गावातल्या टपऱ्यांवर तीच कॉफी उकळली जाते. पुष्कळ घरांत त्यात ते गूळ घालतात. 'पानेला' म्हणतात, पण तो आपला गूळच. उसाचा रस काहिलीत आटवून ढेप पाडलेला. असा गूळ करण्यात जगात आपला देश पहिला आणि त्यांचा दुसरा.

हे वाचलं आणि मला आमचंच घर आठवलं. डेअरी सुरू झाली त्या दिवसांत गावात कॅन भरून दूध जायचं आणि दूध घालणाऱ्यांच्या घरात पोरं कोरा चहा प्यायची. कांद्याची वखार फोडली की चांगला कांदा बाजारात आणि घरात चिंगळी नि सडका भाग कापलेला कांदा. आमच्या तालुक्यातली द्राक्षं बोटीनं परदेशी जातात. बागायतदाराच्या घरात मात्र घडातून गळालेले मणी ताटलीत असतात. कुणी हे अन्याय म्हणून सांगत नाही. उलट आईच्या तोंडी असायचं, "चांगलं इकायचं, वंगाळ खायाचं, तवा संसार हुतो."

मग तळाचं कुणाला घालायचं, हा प्रश्न आला की शेतकरी पहिला स्वतःचंच धडपं पुढं करतो. ही त्याची थोरवी म्हणावी का? लहानपणी मला ती थोरवी वाटायची. पण आमच्या आजीला तसं वाटत नसे. श्रावणी सोमवारी ती खुलभर दुधाची कहाणी सांगायची. राजानं फर्मान काढलं, गावातलं सगळं दूध देवळात आणून घाला, गाभारा भरला पाहिजे. लोकांनी भीतीनं वासरं तोडली, पोरं उपाशी ठेवली आणि सगळं दूध नेऊन ओतलं. गाभारा भरेना. मग एक म्हातारी आली. तिनं आधी पोरांना पाजलं होतं, वासरांना पाजलं होतं, गाईगुरांना चारा घातला होता, आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन ती आली होती. तिनं ते घातलं आणि गाभारा भरून गेला.

कहाणी संपली की आजी आम्हां पोरांना पहिल्यांदा दुधाची वाटी द्यायची आणि मग उरलेलं डेअरीच्या कॅनमध्ये. वडील कुरकुरायचे. ती म्हणायची, "देवाला चाललं, डेअरीला चालंल."

ह्या कहाणीतली म्हातारी आणि आमची सुतारीण आजी, दोघी मला शेजारी शेजारी दिसतात. एक सांगते, घरच्यांना उपाशी ठेवून केलेलं दान भरत नाही. दुसरी सांगते, आंधळ्याला तळाचं घालून केलेलं दान तर दानच नव्हे. दोघींचं म्हणणं एका ठिकाणी येतं. रास एकच असावी. घरातल्या पोराचं, बाजारातल्या गिऱ्हाइकाचं आणि आंधळ्या म्हातारीचं माप त्याच राशीतून पडावं. कमी पिकलं तर सगळ्यांना कमी पडेल. पण वरचं एकाला आणि तळाचं दुसऱ्याला, असं होऊ नये.

हे मी माझ्या पुतण्याला बोललो. त्याची द्राक्षबाग आहे, माल निर्यात करतो. तपासणीत औषधाचा अंश सापडला तर अख्खा कंटेनर नाकारला जातो, हे तो जाणतो. तो हसला. म्हणाला, "आण्णा, तुम्ही मास्तर ते मास्तरच. अहो, हा सगळा भावाचा खेळ. हल्ली चांगल्या डिकॅफला चांगला पैसा देणारं गिऱ्हाईक निघालंय. चव बघणारी माणसं बसवलेली असतात. शंभरात ऐंशीच्या वर गुण मिळाले तरच तिला ते स्पेशालिटी म्हणणार. म्हणून चांगला दाणा घालतात. उद्या गिऱ्हाईक गेलं की पुन्हा पासीया. ह्यात पुण्य कसलं आलंय?"

मी म्हणालो, "पुण्य नसंल. पण खडे तरी नाहीत ना?"

तो गप्प झाला, पण त्याचा मुद्दा मला रात्रभर पुरला. चुलत्यांनी दुसऱ्या वर्षी वरच्या अंगाचं माप घातलं, ते तरी कुठं मनापासून होतं? पोराचे डोळे होते म्हणून. म्हणजे चव बघणारे लोक हे त्या नातवासारखेच. त्यांच्यामुळं माप नीट पडतं, पण माप घालणारा सुधारला असं म्हणता येत नाही. तरीही सुतारणीच्या जात्यात त्या वर्षी खडे गेले नाहीत, हे खरंच आहे. घेणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर देणाऱ्याच्या मनात काय होतं, ह्याला फार किंमत नाही. भाकरीत कच लागली की नाही, एवढंच तिला ठाऊक. देणाऱ्याच्या बाजूनं मात्र उलटं आहे. तिच्या दातांखालचे खडे एका सुगीत संपले. माझ्या मनातला तो दिवस संपला नाही.

आणि भाव पडला तर काय, हेही पुतण्याचं खरं. कॉफीचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात ठरतो. २०१८-१९ च्या सुमाराला तो पौंडाला एका डॉलरच्याही खाली गेला होता. पुष्कळ शेतकऱ्यांना घातलेला खर्चही निघाला नाही. ज्याच्या घरातला चहा कोरा झालाय, त्यानं पोत्याच्या तळाला हलका दाणा सरकवला तर मी कुठल्या तोंडानं त्याला बोलू? कारखान्यात कॅफिन काढायचं म्हणजे माल मोठा लागतो. एकेकट्या छोट्या शेतकऱ्याची पोती तिथं वेगळी ठेवणं परवडत नाही, म्हणून अनेकांची एकत्र होतात. कुणाचा दाणा कुठला हे नंतर सांगता येत नाही. डेअरीच्या टाकीसारखं. त्यात पाणी घालायला जागा आहे. तरी बहुतेक जण घालत नाहीत, म्हणून तर माझ्या कपापर्यंत चव आली. ती टिकायची असेल तर त्यांच्या घरात आधी दुधाची वाटी गेली पाहिजे. कहाणीतल्या राजानं हेच ओळखलं नव्हतं. निदान दाणे धुवून कॅफिन काढायचं काम त्यांच्याच देशात होतं आणि त्याची मजुरी तिथंच राहते, हे मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

पण आमचं तसं नव्हतं. हीच गोष्ट मी इतकी वर्षं स्वतःला सांगायचं टाळत होतो. आम्हाला कमी पडलेलं नव्हतं. त्या वर्षी आमची पेवं भरली होती. तळाचं माप गरिबीतून पडलं नाही. ते पडलं कारण समोरच्याला दिसत नव्हतं. गरजेपोटी कुणी वाईट वाटा दिला तर त्याला क्षमा असावी. दिसत नाही म्हणून दिला, तर ती चोरीच. मग माप साडेचार पायल्या का असेना.

दिवाळी सरली, लेक परत गेली. कार्तिकात मागच्या दाराची चौकट वाळवीनं खाल्लेली निघाली. तालुक्याला त्या सुतारीण आजीच्या नातवाचं फर्निचरचं दुकान आहे. मोठा पसारा आहे, हाताखाली पोरं आहेत. निरोप दिला तर माप घ्यायला तो स्वतःच आला. साठी उलटलीय त्याची. "गुरुजी" म्हणून पायाला हात लावला. मी त्याच्यापेक्षा मोठा म्हणून, आणि त्याची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकली म्हणून.

माप घेता घेता म्हणाला, "साग घालू ना? भितीत जाणारी बाजू दिसत न्हाई, म्हून लोकं तितं हलकं फळकूट ठोकत्यात. मी न्हाई ठोकत. वाळवी तितूनच शिरती."

मी म्हणालो, "बस. कॉफी घे."

सुनेला उठवलं नाही. मीच दूध तापवलं, लेकीनं आणलेली कॉफी घातली, साखर, वर आमच्याकडच्या पद्धतीनं जायफळ किसून. लेक बघती तर ओरडली असती, एवढी चांगली कॉफी आणि त्यात जायफळ. दोघांना सारखे कप घेतले. कान तुटलेला मागं सरकवून ठेवला.

आणि मग त्याला सांगितलं. खळं, धडपं, तळाचं माप, माझा हात, सगळं. चुलत्यांचं नाव मी पुढं केलं नाही. खूण त्यांची असेल, पण माप माझ्या हातानं पडलं होतं.

तो बराच वेळ कपाकडं बघत राहिला. म्हणाला, "मला ती सुगी आठवती, गुरुजी. आजी मला घिऊन आली व्हती ती. वाटंत म्हणाली, तू काय बोलू नगं, नुसता राशीकडं बघत हुबा ऱ्हा. आन त्या वर्षी ज्वारी अशी सुरेख मिळाली. आई म्हणाली, पोराचा पायगुण. मग दरसाल मलाच न्यायची. मी गावभर सांगायचो, माझ्या पायगुणानं रास वाढती म्हून."

तो हसला, पण हसू पुरं झालं नाही. मला वाटलं, साठ वर्षांचं ओझं उतरवायला मी त्याच्या बालपणातली एक चांगली गोष्ट मोडली. खरं सांगायचं तेही कुणाच्या धडप्यात घालतोय हे बघून सांगावं लागतं. हे मला त्या दिवशी कळलं, आणि उशिरा कळलं.

मी म्हणालो, "चुकलं माझं. तेव्हाही, आणि कदाचित आत्ताही."

तो म्हणाला, "आजी कदी बोलली न्हाई बघा कुणाचं नाव. लई पाणी वाहून गेलं, गुरुजी." मग कप खाली ठेवून म्हणाला, "कॉफी मातुर झ्याक हाय. वास सुटलाय. ह्यातनं काय काढून टाकल्यात म्हणालात?"

"झोप उडवणारं, धडधड वाढवणारं. सगळं निघत नाही, थोडंसं राहतंच. पण फार कमी."

"आमच्या हिचाबी च्या बंद केलाय डॉक्टरनं. दोन म्हैने झालं, तोंड उतरवून बसती."

मी उठलो. आतून एक स्वच्छ डबा आणला. डॉक्टरांना विचारून मगच दे म्हणून सांगितलं. पाकिटात निम्म्याहून जास्त कॉफी होती. बारीक दळलेली, सगळी एकसारखी, वरचं-तळाचं असं काही त्यात नव्हतं. तरी वाटणी करायच्या आधी मी पाकिटाचं तोंड धरून ते दोन-तीनदा चांगलं हलवून घेतलं. तो बघत होता. काही बोलला नाही.